प्रोटीन हललं म्हणून इलेक्ट्रॉन जातो, की गोठवलं तरी जातो?

सायली_कळवा
लेक बारावीला आहे. काल रात्री जेवताना ती प्रकाशसंश्लेषणाची झेड आकाराची आकृती घेऊन आली, पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉन बाणाबाणाने वर चढतो, उतरतो, परत चढतो ती. म्हणाली, आई, हा बाण म्हणजे काय गं? तिथे वायर असते का? माझं बीएस्सी बॉटनी होऊन बावीस वर्षं झाली. मी म्हटलं वायर नाही, प्रोटीनमध्ये रेणू बसवलेले असतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तर म्हणे ते कळलं, पण एके ठिकाणी लिहिलंय की प्रोटीन लवचिक असतं, ते हलतं म्हणून इलेक्ट्रॉन पुढे जातो, आणि दुसरीकडे लिहिलंय की द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला गोठवलं तरी जातो. गोठलेलं प्रोटीन हलणार कसं? दोन्ही खरं कसं?
क्लासमध्ये विचारलं तर "हे परीक्षेला नाही" एवढंच उत्तर मिळालं. मला ते फार लागलं, म्हणून इथे विचारतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहा_कमी_साखर
प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन निघालाच म्हणून समजा :) लेकीला शाबासकी सांगा. सतरंजी टाकून बसलोय.

प्रथमेश_घोडबंदर
मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे जीवशास्त्रात चुकलो तर सांभाळून घ्या. पण इथे वायरही नाही आणि उडीही नाही, इथे टनेलिंग आहे. आमच्या चिपमध्ये ऑक्साइडचा थर एक-दोन नॅनोमीटरवर आला की इलेक्ट्रॉन त्यातून आरपार गळायला लागतो, मध्ये भिंत असताना. आमच्यासाठी ती डोकेदुखी, पानासाठी तोच धंदा.
याचा पुरावा जुना आहे. १९६६ मध्ये डेव्हॉल्ट आणि चान्स यांनी क्रोमॅशियम नावाच्या जांभळ्या बॅक्टेरियावर रुबी लेसरचा झोत मारला आणि सायटोक्रोम नावाच्या प्रोटीनमधून इलेक्ट्रॉन जायला किती वेळ लागतो ते मोजलं. नेहमीच्या तापमानाला दोनेक मायक्रोसेकंद. थंड करत गेले तसं ते मंदावत गेलं, अपेक्षाच होती. पण साधारण १०० केल्विनच्या (उणे १७३ अंशांच्या) खाली गेल्यावर मंदावणं थांबलं. दोनेक मिलिसेकंदांवर जे अडकलं ते आणखी कितीही थंड केलं तरी तिथेच. उष्णतेच्या जोरावर चढ चढून जायचं असतं तर पार थांबायला हवं होतं. जीवसृष्टीत इलेक्ट्रॉन टनेलिंगने जातो हे तिथे पहिल्यांदा दिसलं.
म्हणून माझं मत, प्रोटीन म्हणजे सांगाडा. रेणू योग्य अंतरावर धरून ठेवायचे, बास. हललं काय आणि नाही हललं काय.

रानजाई
प्रथमेश, पण मग निसर्गाने एवढं लुसलुशीत प्रोटीन कशाला घेतलं? सांगाडाच हवा तर शंख-शिंपल्यासारखं कडक काही चाललं असतं की.

मुक्ता_स
खारघरहून. माझं पीएचडीचं काम याच प्रोटीनांवर झालंय त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.
प्रथमेश, तुमचं अर्धं शंभर टक्के बरोबर आहे. सायली, लेकीला पहिल्यांदा हे सांगा की ते सगळे बाण एकसारखे नाहीत. पुस्तकात एकाच जाडीचे काढलेत म्हणून तसं वाटतं.
जांभळ्या बॅक्टेरियाचं रिॲक्शन सेंटर, म्हणजे प्रकाशाने जिथून इलेक्ट्रॉन सुटतो ते प्रोटीन घ्या (पानात त्याचं भावंड असतं), कारण त्याचीच रचना सगळ्यात आधी उलगडली, डायझनहोफर, ह्यूबर आणि मिशेल यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच मिळालं. प्रकाश पडला की क्लोरोफिलच्या जोडीतून पहिला इलेक्ट्रॉन निघतो तो साधारण ३ पिकोसेकंदांत. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले त्यातला एक. एवढ्यात प्रोटीनला कूससुद्धा बदलता येत नाही. आणि गंमत म्हणजे हा टप्पा थंड केला की मंदावत नाही, उलट आणखी जलद होतो. तिथून पुढे क्विनोन 'ए' पर्यंत २०० पिकोसेकंद. क्विनोन म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा छोटा रेणू, इथे असे दोन बसवलेले असतात, 'ए' आणि 'बी'. इथपर्यंत तुमचा सांगाडा चालतो, आणि तो कडक असलेलाच बरा. मार्कस या रसायनशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनच्या देवघेवीचा हिशेब मांडला (१९९२ चं नोबेल), त्यात आजूबाजूच्या अणूंना इलेक्ट्रॉनसाठी किती सरकासरकी करावी लागते त्याची किंमत धरलेली असते. पाण्यात ती किंमत जबर. प्रोटीनच्या पोटात, जिथे पाणी जवळपास नाही, तिथे कमी. म्हणून तिथे चटकन काम होतं.
पण क्विनोन 'ए' कडून क्विनोन 'बी' कडे जायला १०० मायक्रोसेकंद लागतात. पहिल्या टप्प्याच्या मानाने कोट्यवधी पट उशीर! आणि दोन क्विनोनमधलं अंतर बघितलं तर टनेलिंग याच्या कितीतरी आधी उरकायला हवं. १४ अँगस्ट्रॉमपर्यंतची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) फट टनेलिंगने आरामात पार होते. मग इलेक्ट्रॉन कशासाठी थांबलाय?
स्वयंपाक राहिलाय, रात्री लिहिते.

चहा_कमी_साखर
मुक्ताताई, हे म्हणजे मालिकेत दार वाजलं आणि "उद्या पाहा"!

उसाचा_फड
मी ठाण्यात नोकरीला पण शेती गावी, कराडकडे. क्विनोन बी म्हटलं की मला आठवतं ते ॲट्राझिन आणि डाययुरॉन. उसात तणाला मारतो आपण. कृषी पदवीला शिकवलं होतं की ही औषधं त्या क्विनोनच्या खुर्चीत जाऊन बसतात, पानातल्या डीवन नावाच्या प्रोटीनमध्ये. खुर्ची अडली की इलेक्ट्रॉन मागेच तुंबतो, ऊन वरून चालूच, आणि पान आतल्या आत करपतं. फवारलं की तण लगेच पडत नाही, ऊन लागलं की पडतं. माझ्या वडिलांना हे कारण माहीत नव्हतं पण ढगाळ हवेत मारू नको एवढं ते पक्कं सांगायचे.
आणि तण ऐकेनासं झालं तर? कितीतरी तणांत डीवनच्या साखळीतल्या २६४ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं तिथे ग्लायसीन आलं. एक दाणा बदलला. औषध बसेना. पण त्या तणाला त्याची किंमत मोजावी लागते, त्याचा स्वतःचा इलेक्ट्रॉन पण ए कडून बी कडे सावकाश जातो. ती रोपं औषध नसलेल्या ठिकाणी इतरांच्या मागे पडतात.

रानजाई
बापरे. एका अमिनो आम्लाने एवढं? आणि हे प्रोटीन टिकतं किती दिवस?

उसाचा_फड
दिवस कसले! कडक उन्हात डीवन अर्ध्या तासात बाद होतं. पान ते काढून नवं बनवून बसवतं, परत बाद, परत नवं. दुपारभर हेच. बांधावर उभं राहून उसाचं पान बघितलं की मला ते निवांत वाटायचं, हे कळल्यावर नाही वाटत.

आजीचा_डबा
मला यातलं काही कळत नाही पण पालक शिजवताना झाकण ठेवलं की काळपट-शेवाळी का होतो ते कोणी सांगेल का? विषय हिरव्या रंगाचा चाललाय म्हणून विचारते.

मुक्ता_स
आजी, तुमचा प्रश्न अगदी विषयातलाच आहे. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजताना भाजीतली आम्लं सुटतात, झाकण असलं की वाफेबरोबर बाहेर न जाता आतच राहतात आणि मॅग्नेशियम हुसकावून लावतात. उरतं ते फिओफायटिन, त्याचा रंग शेवाळी. म्हणून झाकण न ठेवता भरभर शिजवायचा.
आता बघा, जिवंत पानात हेच फिओफायटिन मुद्दाम बसवलेलं असतं. फोटोसिस्टिम टू मध्ये, म्हणजे जांभळ्या बॅक्टेरियाच्या रिॲक्शन सेंटरच्या पानातल्या भावंडात, क्लोरोफिलकडून आलेला इलेक्ट्रॉन ज्याच्याकडे जातो तो रेणू हाच.

आता कालचं पुढे. १९८४ मध्ये क्लाइनफेल्ड, ओकामुरा आणि फेहर यांनी एक प्रयोग केला, मला तो आजही वाचताना काटा येतो. जांभळ्या बॅक्टेरियाची रिॲक्शन सेंटर्स घेतली. नमुना तोच. काही अंधारात गोठवली. काही उजेड चालू ठेवून, म्हणजे काम करता करता, गोठवली. मग दोन्हींची परीक्षा घेतली. अंधारात गोठवलेल्यात इलेक्ट्रॉन 'ए' पर्यंत येतो आणि अडतो, 'बी' कडे जातच नाही. उजेडात गोठवलेल्यात जातो!
तापमान तेच, प्रोटीन तेच, रेणू तेच. फरक एवढाच की गोठताना प्रोटीन कुठल्या पवित्र्यात होतं. अंधारातल्याचं दार लावलेलं, उजेडातल्याचं उघडं, आणि तसंच थिजलं.
सायली, लेकीच्या "दोन्ही खरं कसं" चं उत्तर माझ्या मते इथे आहे.

सायली_कळवा
मुक्ताताई, मी हे तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली "म्हणजे गोठवल्यावर हलत नाही हे खरंच आहे, पण गोठवायच्या आधी हलून झालं होतं."

मुक्ता_स
माझ्या व्हायव्हात मला एवढं नेमकं सांगता आलं असतं तर!

प्रथमेश_घोडबंदर
थांबा थांबा. मला पटलं नाही अजून. अंधारात गोठवल्यावर 'बी' ची ऊर्जापातळीच अशी झाली असेल की तिकडे जाण्यात फायदा उरला नसेल. म्हणजे दार बंद नाही, पुढे उतारच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना?

मुक्ता_स
वेगळ्या आहेत, आणि हीच शंका त्या क्षेत्रातल्या लोकांनाही होती. खोलीच्या तापमानाला याचा निकाल लावायला १९९८ मध्ये ग्रेज, फेहर आणि ओकामुरा यांनी साधी युक्ती केली. 'ए' च्या जागी असलेला क्विनोन काढून त्या जागी वेगवेगळे क्विनोन बसवले. प्रत्येकाची ऊर्जा वेगळी, म्हणजे 'ए' कडून 'बी' कडचा उतार कमी-जास्त केला. इलेक्ट्रॉनची उडी हाच संथ टप्पा असता तर उतार वाढल्यावर वेग वाढायला हवा. मुख्य टप्प्याचा वेग बदलला नाही! म्हणजे इलेक्ट्रॉन तयार उभाच आहे, तो दुसऱ्याच कशाची तरी वाट बघतोय.

प्रथमेश_घोडबंदर
हे मात्र बिनतोड आहे. आमच्याकडे सर्किटमध्ये व्होल्टेज वाढवूनही करंट तेवढाच राहिला तर आम्हीही म्हणतो की अडथळा दुसरीकडे आहे. सांगाडा शब्द मागे घेतो. पण दार म्हणजे नक्की काय हलतं?

मुक्ता_स
इथे अजून वाद आहे आणि मी तो लपवणार नाही. १९९७ मध्ये अंधारात आणि उजेडात गोठवलेल्या स्फटिकांची क्ष-किरण चित्रं आली, त्यात क्विनोन 'बी' साधारण साडेचार अँगस्ट्रॉम सरकलेला आणि उलटा फिरलेला दिसला. सगळ्यांना वाटलं सापडलं दार. पण पुढे प्रोटीनमध्ये बदल करून क्विनोन आधीपासूनच जवळच्या जागी बसवला तरी वेग तेवढाच राहिला. म्हणजे ते सरकणं हे दार नव्हे. माझं स्वतःचं मत विचाराल तर आजूबाजूचे प्रोटॉन, पाण्याचे रेणू आणि हायड्रोजन बंध यांची जी मांडामांड होते तिच्यात ते आहे, एका कुठल्या भागात नाही.

चहा_कमी_साखर
मला आपलं समजलं ते असं. क्विनोन बी म्हणजे शेअर रिक्षा. इलेक्ट्रॉन येऊन बसला तरी रिक्षा सुटत नाही. बरोबर का?

मुक्ता_स
फारच बरोबर! फक्त आपल्याकडे तीन सीट भरल्या की सुटते, ही दोनवर सुटते. दोन इलेक्ट्रॉन आणि त्यांच्याबरोबर दोन प्रोटॉन बसले की क्विनोन खुर्ची सोडून, हे प्रोटीन ज्या पातळ पडद्यात रोवलेलं असतं त्यात निघून जातो आणि रिकामा क्विनोन त्या जागी येतो. एक इलेक्ट्रॉन बसलेला असताना मात्र त्याला घट्ट धरून ठेवावं लागतं, नाहीतर अर्धवट भरलेली रिक्षा भलतीकडे जाईल. म्हणजे एकाच जागेने आधी पकडायचं आणि मग सोडायचं. कडक शिंपल्याला हे जमणार नाही. रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

जुना_ट्रॉम्बेकर
धागा दोन दिवस वाचतोय, राहवलं नाही म्हणून नाव नोंदवलं. मी वाशीला राहतो, नोकरी सगळी ट्रॉम्बेला, उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. पूल ओलांडताना ती टेकडी दिसली की अजून हात शिवशिवतात.
तुम्ही गोठवण्याचं लिहिताय ते आपल्या शेजारीही झालंय हे पोरीला सांगा. भाभा अणुसंशोधन केंद्रात ताटके, साने आणि देसाई यांनी पानांच्या उष्मादीप्तीवर काम केलं, प्रकाशसंश्लेषणाचे शास्त्रज्ञ गोविंदजी यांच्याबरोबरचा त्यांचा १९८१ चा शोधनिबंध या विषयातले लोक ओळखतात. करायचं काय, तर पानाचा तुकडा घ्यायचा, त्याला उजेड दाखवायचा, द्रवरूप नायट्रोजनने थंड करायचा आणि मग मिट्ट काळोखात हळूहळू तापवायचा. समोर प्रकाश मोजणारी नळी. तापमान चढत जातं आणि अमुक अंशावर पान स्वतःच प्रकाश देतं! डोळ्यांना दिसत नाही इतका मंद. तसल्या यंत्राचा कागदावर रेघ ओढणारा पेन मी दुरुस्त केलाय. पेन सरळ चाललेला असतो, चाललेला असतो, आणि मग एकदम टेकाड चढायला लागतो, त्या वेळी खोलीत कुणी बोलत नसे.
अडकून पडलेला इलेक्ट्रॉन उष्णता मिळाली की मागे फिरतो आणि मूळ जागी मिळताना प्रकाश सोडतो. इलेक्ट्रॉन 'बी' वर अडकलेला असेल तर टेकाड तिशीच्या आसपास येतं. आणि आपल्या ऊसवाल्या पाहुण्यांनी सांगितलेलं डाययुरॉन घातलं की इलेक्ट्रॉन 'ए' वरच थांबतो, टेकाड अलीकडे, दहाएक अंशांपाशी येतं. पेनच्या एका टेकाडावरून इलेक्ट्रॉन कुठल्या खुर्चीत होता ते सांगता येतं.

सायली_कळवा
काका, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही ऐरोलीच्या पुलावरून कितीदा जातो, वाशीच्या पुलावरून पण, असलं काही पलीकडे झालंय माहीतच नव्हतं.

मुक्ता_स
काका, नमस्कार. फार सुंदर सांगितलंत. एकच भर, इथे सगळं श्रेय प्रोटीनच्या हलण्याला नाही, मागे फिरायला इलेक्ट्रॉनला ऊर्जेचा चढ चढावा लागतो, उष्णता मुख्यतः त्यासाठी लागते. 'बी' वरून चढ मोठा म्हणून जास्त तापवावं लागतं.

रानजाई
आज रविवार, मी आणि मुलाने घरी एक केलं. पालकाची चार पानं खलबत्त्यात वाटली, मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट घातलं (गॅसपासून लांब, खिडकी उघडी), फडक्यातून गाळून काचेच्या पेल्यात घेतलं. गर्द हिरवं पाणी. दिवे घालवले आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली. रक्तासारखं लाल!! मुलगा किंचाळला. मग तीच टॉर्च अख्ख्या पानावर मारली तर फारसं काही नाही. क्लोरोफिल तेच ना? मग पानात लाल का दिसत नाही?

मुक्ता_स
स्पिरिटने क्लोरोफिलला प्रोटीनमधून सोडवलं. आता त्याला ऊर्जा मिळते पण इलेक्ट्रॉन द्यायला शेजारी कुणी नाही, म्हणून शंभरातला पंचवीस-तीस भाग तो लाल प्रकाश म्हणून परत टाकतो, बाकी उष्णता होते. पानात हाच आकडा एक-दोनवर असतो, कारण ऊर्जा कामाला लागते. प्रोटीन काय करतं हे पेला आणि पान शेजारी ठेवून मुलाला दाखवा, दुसरं काही सांगायची गरज नाही.

प्रथमेश_घोडबंदर
मीही करून बघणार. पण एक राहिलं, हलण्याचं उदाहरण हे एकच? की पुढच्या बाणांमध्ये पण आहे?

मुक्ता_स
पुढचं तर उघडउघड आहे. ती रिक्षा जिथे रिकामी होते ते सायटोक्रोम बी-सिक्स-एफ. त्यात रीस्के प्रोटीनचं डोकं, लोखंड आणि गंधकाचा गट घेऊन, एका बारीक मानेवर बिजागरीसारखं फिरतं. एका टोकाला क्विनोनकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा, वळायचं, दुसऱ्या टोकाला द्यायचा. दोन टोकांमधलं अंतर टनेलिंगला परवडणारं नाही, म्हणून डोकंच प्रवास करतं. आपल्या मायटोकाँड्रियात याचं भावंड आहे, बीसी-वन नावाचं, १९९८ च्या सुमारास त्यात डोकं वेगवेगळ्या जागी असलेली चित्रं मिळाली. मानेला बदल करून ताठ केलं की काम मंदावतं.

खाडीकिनारा
इतका वेळ जांभळे बॅक्टेरिया जांभळे बॅक्टेरिया चाललंय, ते आपल्या ठाणे खाडीच्या चिखलात असतात हे कोणी सांगितलंच नाही! तिवरांपाशी भरती ओसरल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड. प्रथमेशनी सांगितलेलं क्रोमॅशियम पाण्याऐवजी त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून ऑक्सिजन सोडत नाही. मी ऐरोलीला राहतो. फ्लेमिंगो अभयारण्यात हात घालायचा नाही, म्हणून घराजवळच्या होल्डिंग पाँडच्या काठचा काळा चिखल हातमोजे घालून आणला. उंच बरणीत चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, वरून तिथलंच पाणी. झाकण सैल. खिडकीत ठेवलीय, ते जांभळे वाढतात का बघायला. बायको म्हणतेय बरणी लोणच्याची होती.

आजीचा_डबा
बायकोचं बरोबर आहे. नवी बरणी आणून द्या.

सायली_कळवा
सगळ्यांचे आभार. काल लेकीने वहीत स्वतःची आकृती काढली. बाण तेच, पण पहिले दोन बारीक आणि सरळ, 'ए' ते 'बी' वर एक दार, आणि रीस्केपाशी मानेसकट डोकं. दाराच्या खाली लिहिलंय "अंधारात गोठवलं तर बंद". तिचा पुढचा प्रश्न, उजेडात गोठवलेलं परत थोडं थोडं तापवलं तर दार कितव्या अंशाला लागतं? मुक्ताताई, तुमच्यावर सोपवते.

मुक्ता_स
माझ्या गाईडने मला पहिल्या महिन्यात हाच विचारला होता. तिला शनिवारी खारघरला घेऊन या, कागद-पेन्सिल घेऊन बसू.

खाडीकिनारा
सहा आठवड्यांनी धागा वर आणतोय. चिखलाच्या वर चार बोटं, फक्त खिडकीकडच्या बाजूला, जांभळट गुलाबी डाग आलाय, दहाच्या नाण्याएवढा. खोलीकडची बाजू काळीच आहे. ट्रॉम्बेकर काका, या बघायला, आणि प्रथमेश, टॉर्च घेऊन या.